भरल्या कणगीचा डाव

माणूस खरं बोलतोय की थाप मारतोय, हे मला बसल्याजागी कळतं. बायको म्हणते, हा माझा गैरसमज आहे. पण महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी जव्हारला माझ्या खोलीवर आम्ही चार शिक्षक पोकर खेळतो, तिथे येऊन विचारा.

पैसे आम्ही लावत नाही. चिंचोके वाटून घेतो आणि शेवटी ज्याच्याकडे जास्त, तो महिनाभर जीपमध्ये पुढे बसतो. चौघेही रोज एकाच जीपने मोखाड्याच्या शाळेत जातो. हसू नका. मागे बसलो की दुसऱ्याच वळणाला माझ्या पोटातलं वर येतं, आणि पहिला तास मी फळ्याला धरून घेतो. पुढची सीट मला हवीच होती.

त्या रविवारी शेवटच्या डावात दोघेच उरलो, मी आणि दाभोशाचे सर. ते भिंतीला टेकून, एक पाय लांब सोडून ऐसपैस बसले होते. माझ्या हातात नव्वी आणि एक्का. मधल्या उघड्या पानांत एक नव्वी होती, म्हणजे माझी जोडी झालेली. पाचवं, शेवटचं पान उघडलं, ज्याला रिव्हर म्हणतात, ते इस्पिकचं निघालं. मध्ये तीन इस्पिक झाले. सरांच्या हातात आणखी दोन असले, तर पाच एकाच रंगाचे होऊन माझी जोडी केरात.

सरांनी सगळे चिंचोके तळहाताने पुढे सारले.

"पानं टाका, सर. आज माझी कणगी काठोकाठ भरलेली हाय."

त्यांची पानं बघायची तर मलाही होते नव्हते ते सगळे चिंचोके लावावे लागणार होते. मी पानांकडे पाहणं सोडलं. गेल्या दिवाळीत दाभोशाला त्यांच्या घरी गेलो होतो, ते आठवलं. कणगीत भात मावत नव्हतं, उरलेली पोती ओटीवर रचलेली, आणि त्यांची आई मला वाढता वाढता म्हणाली, "कशाचा पीक बाबा, निम्मा उंदरांनीच नेला." दृष्ट लागेल म्हणून तिथे भरल्या कणगीचं नाव कुणी काढत नाही. सरही आईचेच. मागच्या महिन्यात "काय मेली पानं" म्हणत म्हणत त्यांनी मला धुऊन काढलं होतं. आज मुद्दाम उलटं बोलत असतील, हाही विचार मी केला. पण आईच्या चुलीपाशी अंगात मुरलेली भीती कुणी चिंचोक्यांसाठी मोडत नाही.

"बघतो," मी म्हणालो आणि माझा ढीग पुढे केला.

सरांनी पानं उलटी केली. एक किलवर, एक चौकट, दोन्ही फुटकळ. मी चहा टाकला आणि तो होईपर्यंत स्वतःचं कौतुक सांगत बसलो.

सोमवारी सकाळी स्टँडवर मी ऐटीत जीपचं पुढचं दार उघडलं. तेवढ्यात सर आले. मागे चढताना त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचा गुडघा उचलून पायरीवर ठेवला. रविवारचा तो लांब सोडलेला पाय मला आत्ता कळला. त्यांच्या तोंडाकडे बघण्याच्या नादात पाय बघायचा राहिला होता. मला लाज वाटली.

"गुडघ्याला काय झालं?"

"काय नाय. लावणीत बांधावरून घसरलो होतो. आता एकदम फर्स्टक्लास हाय. दाभोशापर्यंत पळत जाईन."

एवढी तारीफ ऐकल्यावर विचारायचं काही उरलं नाही. दंडाला धरून त्यांना पुढे बसवलं, खिशात लिंबू असल्याची खात्री केली आणि मागे शिरलो.

पहिल्या वळणापर्यंत त्यांनी पाय लांब सोडून घेतला. मग मागे न बघता म्हणाले, "काय मेली सीट ही, सर. नुसता ऊन लागतो तोंडावर."

आभाळ गच्च भरलेलं होतं. मी लिंबू नाकाशी धरलं आणि दुसऱ्या वळणाची वाट बघू लागलो.