भाईचं न थांबणारं तोंड

माझ्या थोरल्या भावाचं तोंड झोपेतच तेवढं थांबतं. जागेपणी जबडा रवंथ केल्यासारखा चालूच असतो, मधेच जीभ बाहेर येते. तरुणपणी भाईला कानात आवाज यायचे. डॉक्टरांच्या गोळ्यांनी ते गेले, पण वर्षानुवर्षं त्याच गोळ्या घेऊन तोंडाचं हे असं झालं. एक दुखणं गेलं अन् दुसरं घरजावई होऊन बसलं.

आम्ही मुदखेडचे, पिढीजात शिंपी. गिऱ्हाइकांना वाटायचं, भाई पान खाऊन राहिला. ते एकवेळ चाललं. पण मागल्या रमजानात, मशिदीत, बाहेरगावच्या एका पाहुण्यानं त्याला चारचौघांत झापलं, "रोज्यात तोंड चालवता? लाज न्हाई वाटत?" लहानपणापासून एक रोजा न चुकवलेला माणूस. गुपचूप उठून घरी आला. मला त्या पाहुण्याची गचांडी धरावी वाटली. भाई एवढंच म्हणाला, "पुढच्या रमजानला तोंड थांबलं पायजे. मला नमाजाच्या रांगेत उभं राहायचंय."

माझी मुलगी नांदेडला फार्मसी शिकते. तिनं वाचलं होतं, हळदीतल्या, आवळ्यातल्या कसल्याशा अर्कानं असंच तोंड हलणारे उंदीर शांत झाले. झालं, घरात हळदच हळद. दुधात हळद, वरणात शेवग्याचा पाला, सकाळी आवळा. भाई नाक न मुरडता सगळं गिळायचा आणि आरशापुढं जाऊन बसायचा. "कमी झाल्यावानी वाटतंय," मी म्हणायचो. साफ खोटं.

भाईला गोळ्या देणाऱ्या लातूरच्या डॉक्टरांना विचारलं. "उंदरांचं खरं आहे," ते म्हणाले. "माणसांत तसं ठाम काही हाती लागलेलं नाही. हळद खा, पण मनानं गोळी सोडू नका, आवाज परत येतील." त्यांनी तोंडासाठी वेगळी गोळी देऊन बघितली. तिनं भाई दिवसभर गुंगीत, सुई धरवेना. त्यांनीच ती बंद केली. उंदरांचा हेवा करायची वेळ आली आमच्यावर.

रमजान आला. तोंड तसंच. पहिल्याच दिवशी भाई पहाटे सहेरीच्या जेवणाला उठला नाही. दुपारी बघतो तर दुकानाच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर भाकरी खाऊन राहिला.

"भाई, आत चला ना."

"खातो म्हणतात ना," तो म्हणाला. "मग खाऊन राहिलो."

मला रोजा होता. आतून पाण्याचा गिलास आणून त्याच्यापाशी ठेवला आणि त्याचं जेवण होईस्तोवर तिथंच बसलो.