सुखीबाईंना रडू येत नाही

दारव्ह्याहून पुसदकडे जाताना रस्त्याच्या आत एक तांडा आहे. त्या तांड्यात लग्न ठरलेली मुलगी आधी सुखीबाई आडे यांच्याकडे पाठवली जाई, रडायला शिकण्यासाठी. बंजारा नवरी सासरी जाताना नुसती रडत नाही, सुरात रडते. या रडण्याला ढावलो म्हणतात. आईच्या गळ्यात पडायचं, एक ओळ मुलीनं म्हणायची, एक आईनं. आताच्या मुलींना ओळी पाठ नसतात. सुखीबाई त्यांना अंगणात समोर बसवत आणि आधी श्वास कुठे घ्यायचा ते सांगत. डोळ्यांची काळजी करायची नाही, सूर आधी येतो, पाणी मागून येतं, असं त्यांचं म्हणणं. स्वतःच्या मुलीला, उज्ज्वलालाही त्यांनी असंच शिकवलं.

रडणं फक्त लग्नापुरतं नसतं. बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या बायका, मयतीला आलेल्या बायका अशाच एकमेकींच्या गळ्यात पडतात. जी रडत नाही, तिनं नातं मानलं नाही असं धरतात.

सुखीबाईंचे नवरे प्रेमसिंग काळीपिवळी जीप चालवत. दिवाळी झाल्यावर एका दुपारी ते दारव्ह्याच्या स्टँडवर स्टेअरिंगवर डोकं टेकून गेले. झोपले असतील असं समजून प्रवासी मागे बसत राहिले. जीप भरली, तरी निघेना, म्हणून कुणीतरी हाक मारली. तेव्हा कळलं.

तांडा अंगणात जमला. एकेक बाई येऊन सुखीबाईंच्या गळ्यात पडली. सुखीबाई प्रत्येकीच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडून सूर निघाला नाही. पुसदजवळच्या तांड्यातून उज्ज्वला आली. तिनं दारातच आईला मिठी मारली, आपली ओळ म्हटली आणि थांबली. पुढची ओळ आईची होती. सुखीबाईंनी तिला बाजूला करून पाण्याचा लोटा आणून दिला. उज्ज्वलानं आपल्या उरलेल्या ओळी एकटीनं म्हटल्या. तिसऱ्या दिवसाचं आटोपल्यावर जाताना ती म्हणाली, "मले रडायले तू शिकवलं, याडी. माह्या बासाठी तुले एक ओळ नाही सापडली?"

त्यानंतर तिचा फोन आला नाही. सुखीबाईंनी केला तर जावई उचलत आणि ती कामात आहे म्हणत. संक्रांत झाल्यावर जावयांनी सांगितलं की उज्ज्वलाला सातवा लागला आहे आणि बाळंतपणाला ती माहेरी येणार नाही. पहिलं बाळंतपण होतं. ते आईकडे झालं नाही तर मुलीनं माहेर सोडलं, असाच त्याचा अर्थ निघतो.

थोरल्या जावेचा सल्ला सरळ होता. पुसदला जा, तोंडाला पदर लाव, सूर काढ. पदराआडचे डोळे कोण बघतं? सुखीबाईंना हे पटण्यासारखं होतं. रडणाऱ्या बायकांपैकी किती जणींचे डोळे कोरडे असतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? घरात कोणी नसताना त्यांनी करून पाहिलं. ओळी सगळ्या आल्या, सूर कुठे हलला नाही. शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तसं ते त्यांना ऐकू आलं. पाणी मागूनही आलं नाही.

सुखीबाई हंगामात दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये कामाला जातात. कापसाच्या ढिगापुढे बायका ओळीनं बसतात आणि त्यातली कवडी, म्हणजे डागाळलेली, किडकी बोंडं, आणि पत्ती वेचून वेगळी करतात. तोंडाला फडकं बांधलेलं असतं. मशीनच्या आवाजात बोलणं फारसं होत नाही. नवरा गेल्यानंतर त्यांना हे काम बरं वाटू लागलं, कारण इथे त्यांचा चेहरा कुणाला दिसत नव्हता.

त्यांच्या शेजारी विजयमाला मनवर बसतात. त्या दारव्ह्यातच राहतात, बौद्ध आहेत, दर रविवारी पांढरं पातळ नेसून विहारात जातात आणि तिथे सगळ्यांबरोबर पंचशील म्हणतात. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं शील सुखीबाईंना त्यांच्याकडूनच कळलं होतं. एकदा डबा खाताना सुखीबाईंनी विचारलं, "काहून वो, आसू नसताना रडलं तर ते खोटं बोलणं व्हय का?"

"मले भंते समजते का तू?" विजयमालाबाई म्हणाल्या आणि ठेचा पुढे सरकवला.

पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला.

"रडण्याचं मले माईत नाही. पण विहारात सांगतेत, वेदना म्हणजे जे जाणवते ते, अन् ते तीन राह्यतेत. एक सुखाची, एक दुःखाची. अन् एक ना सुखाची, ना दुःखाची. तिच्याकडं कोणी पाह्यतच नाही. तुले ते झाली."

"म्हणजे मले काही झालं हाये?"

"झालं ना. तिले ढकलू नोको, वढू नोको. नुसती पाह्य."

"पाहून काय होते?"

"काही नाही होत."

"काहीच नाही होत, तं विहारात पंखा कायले लावला?"

"गरमी होते म्हणून," विजयमालाबाई म्हणाल्या.

सुखीबाईंनी हे मनावर घेतलं, कारण दुसरं काही करायला नव्हतं. कवडी वेचता वेचता त्या आत पाहू लागल्या. छातीत काही नव्हतं. डावा खांदा जड होता. जीभ कोरडी. जीप स्टँडवरून जाताना पाय थांबत नव्हते, आणि थांबत नाहीत हे कळत होतं. हे विजयमालाबाईंना सांगितलं की त्या मान हलवत आणि कामाला लागत. पंधरवड्यानंतरही छातीत काही आलं नाही. फरक एवढाच पडला की आत काय होतं असं कुणी विचारलं तर काय सांगायचं ते सुखीबाईंना कळलं. तोवर हे कुणी विचारलं नव्हतं. काहून रडली नाही, एवढंच सगळ्यांनी विचारलं होतं.

माघाच्या शेवटी त्या पुसदला गेल्या. उज्ज्वलाच्या तांड्यात त्या येत असल्याची बातमी आधीच पोचली होती. बायका ओट्यांवर येऊन उभ्या होत्या. उज्ज्वला पोट सांभाळत दारात आली, पण पुढे झाली नाही. या वेळी आईनं सुरुवात करायची, हे तिथल्या प्रत्येकीला ठाऊक होतं.

सुखीबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. त्यांनी पदर तोंडाला लावला नाही.

"मले काहीच होत नाही, बेटी," त्या म्हणाल्या. "तुया बा गेला तवापासून. आत पाह्यतो, तं काही नाही. सूर काढला असता, येते मले. पण तुयापाशी खोटं नाही रडणार."

ओट्यावरची एक म्हातारी म्हणाली की अशी तऱ्हा आपण जन्मात पाहिली नाही. उज्ज्वला आईकडे बघत राहिली.

"झोप लागते का तुले?" तिनं विचारलं.

"नाही लागत."

उज्ज्वला दोन पायऱ्या उतरली आणि तिनं आईच्या गळ्यात हात टाकले. बापासाठीचं रडणं तिनं पहिल्यापासून सुरू केलं. स्वतःची ओळ म्हटली. मग न थांबता आईचीही म्हटली. अशी ती दोघींच्या ओळी म्हणत गेली. सुखीबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. या वेळी त्या पाणी आणायला गेल्या नाहीत. मध्ये एका ठिकाणी उज्ज्वला अडली. आईच्या ओळी तिला कधी म्हणाव्या लागल्या नव्हत्या. सुखीबाईंनी ती ओळ सांगितली, सुरात नव्हे, साध्या आवाजात, अंगणात मुलींना सांगायच्या तशी. उज्ज्वलानं ती उचलली आणि पुढे गेली.

बाळंतपण माहेरी झालं. मुलगी झाली. सुखीबाईंनी तेव्हाही डोळे पुसले नाहीत, आणि तांड्यात अजून ते बोललं जातं. हंगाम संपत आलेल्या जिनिंगमध्ये विजयमालाबाईंनी विचारलं, आता काही झालं का. सुखीबाईंच्या हातात कवडी होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "पाहून राह्यलो."