विरोधात एक

आमच्या मंडळीचे सेक्रेटरी टपरीवरसुद्धा म्हणतात, "चहा घ्यावा, असं मी सुचवतो. अनुमोदन कोन देते?" कोणी दिलं नाही तर खरंच घेत नाहीत. आमचं चर्च अमरावतीत, वरचं ऑफिस अकोल्याला आणि त्याच्याही वर साऱ्या जगाची परिषद. तिचे निर्णय अकोल्याहून पत्रानं येतात. हे गृहस्थ ते रविवारी उभं राहून वाचतात आणि मंजुरीसाठी हात मोजतात, पेनाचं टोपण हवेत टेकवत, ओठ हलवत. अर्धवट हात त्यांना चालत नाही. "कोपर नाई मोजत मी. हात वर करा!" स्वतः मात्र कधीच करत नाहीत. म्हणतात, "मोजनाऱ्यानं निस्तं मोजावं."

गेल्या वर्षी पत्र आलं. बायकांना पाळकपद, म्हणजे पास्टरचं पद, द्यायचं नाही, असं परिषदेत बहुमतानं ठरलं होतं. जवळच्या वलगावची संध्याकाळची उपासना कित्येक वर्षं ज्या बाई चालवतात, त्या पहिल्याच बाकावर बसल्या होत्या. सेक्रेटरींनी नेहमीच्या एकसुरी आवाजात वाचलं, हात मोजले. मग "विरोधात?" असं विचारून स्वतःचा हात सरळ वर केला, टोपण त्याच्याकडे नेलं आणि म्हणाले, "एक."

पाळक हळूच म्हणाले, "कावून उगाच? वरून ठरून आलं ना ते. बदलनार थोडीच हाय?"

"मले मालूम हाय. पन वहीत राहीन ना."

वहीत त्यांनी मंजुरीचे अठ्ठावीस लिहिले. त्यातला एक हात माझा होता. चांगला सरळ, कोपर न वाकवता.