गेटावरचा हळदीचा गड्डा

अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात माझ्यासारखा गवंडी न्हाई. ज्यांच्या घरी मी हौद बांधले ते बी हेच म्हणतात, आन वर देवाचे आभार मानतात.

गावाबाहेर विद्यापीठाचं आवार हाय. ते सजवायचं ठरलं. हिरवळ आली, भिंतीवर चितरं आली, आन मुलूख हळदीचा म्हणून गेटापाशी माणसाहून उंच सिमेंटचा हळदीचा गड्डा उभा करायचा म्हणले. चितर काढणारा कलाकार गड्ड्याचं चितर काढलेला कागद देऊन गेला तो गेलाच. ठेकेदारानं काम माझ्या गळ्यात घातलं. कागद उलटा का सुलटा तेच मला कळंना. पर आतून उकळ्या फुटून राहिल्या व्हत्या. जलमभर पाण्याच्या टाक्या बांधल्या. आता लोकांनी थांबून बघावं असं एक तरी माझ्या हातचं उभं राहील.

शेजारच्या वावरातून एक ओला गड्डा मागून आणला, इटंवर ठिवला, आन त्याच्याकडं बघून काम धरलं. हळद काढणीचे दिवस, ऊन मरणाचं. सळया वाकवल्या, जाळी बांधली, वरून खाली लिंपत आलो.

तकलीफ कामाची नव्हती, बघणाऱ्यांची व्हती. देखरेखीवरचे सर सकाळी म्हणायचे, तोंड रस्त्याकडं करा. गड्ड्याला तोंड कुठं असतं ते इचारायची हिंमत झाली न्हाई. संध्याकाळी म्हणायचे, बोटं जास्त झाली. बसची वाट बघणारी पोरं कुणी अद्रक म्हणायची, कुणी सुजलेला हात. माळी पाइप माझ्या ओल्या सिमेंटवर सोडून चहाला जायचा. बोललं की म्हणायचा, मामा, पाणी पाजतो, वाढंल.

वीसेक दिवसांनी परांची उतरवली. मी बी पहिल्यांदाच रस्त्यावर जाऊन बघितलं. वर टम्म फुगलेला, आन जसजसं खाली यावं तसतसा बारीक, सुरकुतलेला, म्हाताऱ्याच्या बोटावानी. असं काहून झालं कळंना. मग नजर इटंवर गेली. गड्डा रोज उन्हात वाळून राहिला व्हता, आन मी इमानदारीनं रोज जसा दिसंल तसा काढत खाली आलो व्हतो.

सर म्हणले, उद्या पाहुणे येणार, नीट करा न्हाईतर फोडून टाका. फोडा म्हणल्यावर मी लगोलग घमेलं उचललं. खालच्या भागावर जाड लेप दिला. दुपारी तो खपलीवानी गळून पडला. पुन्हा दिला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा थापी हातातून फेकून तिथंच बसलो. शेवटी माळ्यालाच कीव आली. त्यानं रंगीत पानांच्या कुंड्या भोवती दाटीनं लावून खालचं सगळं झाकलं. सर म्हणले, राहू द्या. गड्डा वाचला. पाहुण्यांनी कुंड्यांची लई तारीफ केली.

दुसऱ्या दिवशी बायकोला मुद्दाम तिथं नेलं. तिचा जलम लोकांच्या वावरात हळद काढण्यात गेला. म्हणलं, तिला तरी कदर असंल. तिनं दोन कुंड्या बाजूला सारून बराच वेळ बघितलं. मी सगळी हकीकत सांगितली आन उन्हाला चार शिव्या घातल्या.

"रोज संध्याकाळी मी पदराच्या वट्यात ओली हळद घेऊनच घरी येते," ती म्हणली. "एक मागितला असता तर रोज ताजा गड्डा दिला असता. पर बायकोला इचारलं तर तुमी कारागीर कशाचे."