शेकनंतरची भाकरी

चौलच्या आमच्या जिममध्ये एकजण रोज संध्याकाळी येतो. स्वतःचा डंपर चालवतो, दिवसभर बसून पोट सुटलंय. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "व्हय का न्हाय?" विचारतो आणि उत्तराची वाट बघत नाही.

व्यायाम संपला की प्रोटीन शेकची बाटली तो इतका वेळ हलवायचा, की तोही एक व्यायामच वाटावा. मग भिंतीकडे तोंड करून, डोळे मिटून, काढा प्यावा तसा एका दमात संपवायचा. संकष्टीलासुद्धा. "प्यायल्यानं कुठं उपास मोडतो? व्हय का न्हाय?"

पोट काही उतरेना. शेवटी ट्रेनरने सांगितलं, शेक हेही खाणंच आहे. तो घ्यायचा तर रात्रीच्या भाकऱ्या कमी करा. तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला.

"व्हय, लय भूक लागलीय. टाक भाकऱ्या," तो म्हणाला. नुकताच प्यायलेला शेक अजून मिशीला होता.

फोन ठेवून तो मला म्हणाला, "बाबा गेल्यापासून ती एकटी जेवत न्हाय. मी पोटभर खाल्लं, तरच ती खाते. व्हय का न्हाय?"

या वेळी तो उत्तरासाठी थांबला. मी होकारार्थी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्याने शेक सोडला आणि पावडरचा उरलेला डबा माझ्या हातात ठेवला. मी घेतला. पोट माझंही सुटलंय, आणि घरी माझ्यासाठी जेवायचं कुणी थांबत नाही.