व्याही कुठं उतरवायचे

मुलाकडचे रत्नागिरीहून दोन दिवसांसाठी येणार म्हटल्यावर आमच्या घरात पहिला वाद झाला तो त्यांना उतरवायचं कुठं यावरून. मुलामुलीचं आपसात जमलेलं होतं. उरलं होतं ते आईबापांनी एकमेकांना पारखणं. सोयरीक पक्की होईपर्यंत मुलीच्या घरी मुक्काम करायचा नाही, असं त्यांनी फोनवर कळवलं होतं. एकुलती एक लेक, ती एवढ्या लांब द्यायची, म्हणून बायको आधीच हळवी झालेली. मला एवढंच हवं होतं की त्या माणसांनी परत जाताना आमच्या दर्याकाठच्या नवापूरला नावं ठेवू नयेत.

जागा दोनच होत्या. एक मनोरच्या बाजूला हायवेवरचं मोटेल: खोलीच्या दाराशी गाडी लावायची, पुढं बाग, मागं डोंगर, आणि गुजरातकडे जाणाऱ्या गाड्यांची रात्रंदिवस घरघर. दुसरं बोईसरचं हॉटेल. लिफ्ट, एसी, खाली जेवणाची सोय.

"मोटेलच बरं हाय," बायको म्हणाली. "हवा तरी मोकळी."

"ट्रकवाल्यांच्या शेजारी व्याह्यांना झोपवू काय? वेशीबाहेर उतरवल्यासारखं दिसंल."

"बोईसरला कारखान्यांचा वास येतो, तुमाला म्हायती नाय?"

"त्याच कारखान्याच्या पगारावर घर बांधलं, तवा नाय आला वास?"

मी जिंकलो अशा थाटात दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटरवरून बोईसरला गेलो. खोलीची खिडकी स्वतः उघडली, छाती भरून श्वास घेतला. कसला वास नि कसलं काय! मॅनेजर म्हणाला, "अंकल, सब फॅमिलीवाले ही आते हैं." मी दोन खोल्या पक्क्या केल्या आणि घरी येऊन बायकोला ऐकवलंही.

आता सांगायलाही लाज वाटते. माझा बाप, आजा, सगळे होडीवर वाढलेले. थंडीच्या दिवसांत सकाळी वारा जमिनीकडून दर्यात जातो आणि दुपारनंतर उलटा फिरतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. कारखाने दर्या आणि बोईसर यांच्या मधोमध. म्हणजे सकाळी त्यांचा वास आमच्या गावाकडे येतो आणि दुपारनंतर बोईसरवर जातो. मी खोली बघितली सकाळी. पाहुणे आले दुपारी.

संध्याकाळी त्यांना जेवायला आणायला आम्ही दोघं गेलो, तर विहीणबाई पदर नाकाशी धरून बसलेल्या. खिडकी बंद, एसी चालू, तरी तो कुजकट आंबूस वास खोलीभर. तीही माणसं मच्छीमारीच करणारी, त्यामुळे मासळीच्या नावावर खपवायची सोय नव्हती. व्याही म्हणाले, "येताना हायवेवर एक मोटेल दिसलं. उद्याचा मुक्काम तिथं हलवला तर चालेल ना?" बायकोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

नवापूरला आलो तेव्हा दर्यावरून गार वारा सुटला होता. विहीणबाई ओट्यावर बसल्या, पदर खाली घेतला. "किती छान हवा आहे हो इथं!" त्या म्हणाल्या.

मी एवढा खूश झालो की जीभ आवरली नाही. "इकडं तसला त्रास नाय. वारा फिरला की पहाटेचा येतो तेवढाच वास."

बायकोच्या हातातला डाव पातेल्यात थांबला. विहीणबाई "हं" म्हणाल्या आणि समुद्राकडे बघत राहिल्या.

जेवणं छान झाली. पापलेट त्यांना आवडलं, घर आवडलं, मुलगी तर आवडलेलीच होती. सोयरीक पक्की झाली, साखर वाटली. मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच विहीणबाईंनी बायकोचा हात हातात घेतला.

"एक मागणं आहे, रागावू नका. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, रीत मलाही कळते. पण ते आमच्याकडेच करू या. तान्ह्या बाळाला ही हवा... तुम्हीही तिकडेच या, हवे तितके दिवस राहा."

लेकीचं बाळंतपण करायचा हक्क आईचा, आणि तो कुणी इतक्या गोड शब्दांत काढून घेतला तर भांडायचं तरी कुणाशी? मुलगी खाली मान घालून बसली होती. बायको हसली आणि म्हणाली, "बाळाला बरं ते करा."

पहाटे उठलो तर ती मागच्या दारात उभी होती. वारा फिरलेला होता. मी म्हणालो, "अशी अट घालायला नको होती त्यांनी."

"त्यांचं काय चुकलं? मीबी तेच बोलले असते." ती कारखान्यांच्या बाजूला बघत म्हणाली, "नातवाला जी हवा नको, त्याच हवेत आपन लेकीला जन्माला घातली, वाढवली. तवा आपल्याला का नाय कळलं वो?"

इतक्यात मुलगी चहा घेऊन आली. आमचे चेहरे बघून तिनं विचारलं, "काय झालं?" आम्ही दोघंही म्हणालो, "काय नाय." तिनं कप आमच्या हातात दिले, आम्हाला आत घेतलं आणि मागचं दार लावून फटीत फडकं सारलं. ती हे रोजच करते, अगदी लहान होती तेव्हापासून.