कुत्र्यांच्या कंपनीचे भागीदार

ती घटना आठवली की आजही आधी स्वतःचीच चीड येते. तेव्हा मी नगरजवळच्या भिंगारला फौजदार होतो. सत्तेचाळीस साल लागले होते आणि छावणीतले गोरे साहेब एकेक करून विलायतेला निघाले होते. साहेब गेला की बंगल्यामागची नोकरांची खोलीही जायची. खानसामे, आया, माळी, सगळ्यांना एकच घोर, आता राहायचे कुठे?

नेमका तेव्हाच बाहेरगावचा एक कोट-टायवाला उगवला. जाणाऱ्या साहेबांची उंची कुत्री घ्यायची, पैदास करायची आणि पिल्ले मुंबईच्या शेटजींना विकायची, अशी त्याने कंपनी काढली. कुत्र्याचे चित्र छापलेले शेअरचे कागद नोकरमंडळींना विकले. लोक त्याला मॅनेजर म्हणत. पण लोकांनी पैसे टाकले ते त्याच्या तोंडाकडे बघून नव्हे. एका कर्नलची कुत्री तीस वर्षे सांभाळलेला एक म्हातारा ख्रिस्ती माणूस कंपनीच्या कुत्र्यांची देखभाल करी. सगळी छावणी त्याला मामा म्हणे. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना मामा सांगे, "जनावर अस्सल हाय. मी सोता पारखलंय." लोकांना तेवढे पुरे होते.

एका दुपारी एक आया ठाण्यात आली. विधवा बाई, हातात पदराचे टोक घट्ट धरलेले.

"साहेब, मॅनेजर कालपासनं दिसला न्हाई. हापिसाला कुलूप हाय. खोली बांधायचं माझं सगळं पैसं त्यात हाय."

"कसली कंपनी?"

"कुत्र्यांची."

जमादार फिसकन हसले. मीही हसलो. कुत्र्यांत कोणी पैसे घालते का, असे म्हणून मी तिला लेखी अर्ज आणायला सांगितले आणि वाटेला लावले. बाईला लिहिता येत नसणार, हे मला समोर दिसत होते. त्याच वेळी दौंडला आणि मनमाडला तारा केल्या असत्या, तर तो इसम कदाचित गाडीतच हाती लागला असता.

त्यानंतर आठ दिवसांनी खबर आली. कंपनीची बाराही कुत्री मेली होती आणि भागीदारांनी मामाला घेरले होते. दोन शिपाई घेऊन मी धावलो. लोकांच्या हातात काठ्या होत्या. "मॅनेजरनं पैसं खाल्लं आन् ह्यानं जनावरं मारली! दोघं सामील हायेत!" असा ओरडा चालला होता. मामा भिंतीला टेकून खाली बघत उभा होता. त्याला ताब्यात घेतले, नाहीतर तिथेच मुडदा पडला असता.

पंचनामा करताना एक गोष्ट मला खटकली. कुचल्याचे विष घातलेले कुत्रे कसे मरते ते मी पाहिले होते. ते तडफडते, नखांनी जमीन उकरते, तोंडाला फेस येतो. इथे बारा कुत्री आपापल्या गोणपाटावर झोपल्यासारखी पडली होती, आणि त्यांचे केस विंचरलेले होते.

मी दोन दिवस मामाची झाडाझडती घेतली. "बोल, मॅनेजर कुठे आहे?" असे कितीदा विचारले तरी "मारली मीच, साहेब. लिवून घ्या," याच्यापुढे तो जाईना. मी दरडावले, त्याला तासन्तास उभे ठेवले. खोटे बोलणारा माणूस फार बोलतो, हे मला अनुभवाने ठाऊक होते. तरीही गप्प बसणाऱ्यावर आम्ही पोलीस जास्त चिडतो.

मग जनावरांच्या डॉक्टरांनी कळवले की कुत्री क्लोरोफॉर्मने मेली आहेत आणि सगळ्यांच्या पोटात मटण आहे. कंपनीचे खाणे तर आठ दिवस बंद होते. मग मटण आले कुठून? भिंगारच्या बाजारात चौकशी केली तेव्हा एका म्हाताऱ्या मुसलमान खाटकाने आतून एक लोकरी कोट आणून माझ्यासमोर ठेवला.

"मामाचा हाय, साहेब. त्याच्या कर्नलनं दिलेला. म्हनला, ह्याच्या बदल्यात बारा पोटांपुरतं दे. मी म्हनलं, कोट ऱ्हाऊ दे, तसंच ने. ऐकंचना."

मी परत आलो आणि मामापुढे स्टूल सरकवले. "मामा, बसा," म्हणालो. मामा बसला आणि बोलू लागला.

"रेशनचा दाना मानसालाच पुरंना, साहेब. आठ दिस माज्या भाकरीतली घातली. बरगड्या दिसाया लागल्या तवा दवाखान्यात खोटं बोललो आन् बाटली आनली. कर्नल साहेब जाताना आपली दोनी कुत्री सोताच्या हातानं मारून गेलं. लई रडलं. म्हनलं, सांभाळनं हुईना तर धन्यानं जनावर उपाशी दारोदार सोडू न्हाई. तीस वर्सं त्यांच्या हाताखाली काढली. मला दुसरं काय ठावं?"

"पण मामा, ती विकली असती तर लोकांना थोडे तरी परत मिळाले असते."

मामा माझ्याकडे बघतच राहिला. "ते ध्यानातच आलं न्हाई," तो म्हणाला. "कंपनीचा माल हाय, हे मनातच आलं न्हाई वो."

भागीदारांना बोलावून मी सगळे सांगितले. मॅनेजरवर फसवणुकीचा गुन्हा आणि मामावर दुसऱ्याची जनावरे मारून नुकसान केल्याचा, अशी दोन प्रकरणे होती. दोन्हींचा पुरावा एकच, तो म्हणजे शेअरचे कागद; पैसे दिले होते आणि कुत्री भागीदारांची होती, हे त्यांच्यावरूनच ठरणार होते. ते घेऊन परवा जबाबाला या, असे बजावले.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांच्या पुढे ती आया होती.

"कसलं कागद, साहेब? आमी कुनी कायबी घेतलं न्हाई."

मागचे एकेक जण तेच बोलले. कागद चुलीत गेले होते, हे मला नंतर कळले. मी तिला बाजूला घेतले. "बाई, मॅनेजर उद्या सापडला तरी सुटेल. तुमचे पैसे कायमचे बुडतील."

"बुडू द्या. त्या म्हाताऱ्याला जेलात धाडून मी कुठल्या खोलीत सुखानं निजू?"

मामा सुटला. सुटल्याचा आनंद त्याला झालाच नाही. लोकांनी काय केले ते ऐकून तो ठाण्याच्या पायरीवर बसून ढसाढसा रडला. मला त्याच्याजवळ जायचा धीर झाला नाही. मॅनेजर पुढे कधीच सापडला नाही.

पुढे जिथे जिथे बदली झाली, तिथे अडाणी माणसाची तक्रार मी स्वतःच्या हाताने लिहून घेतली. आधी लिहायचे आणि मग काय ते हसायचे, हे मला या प्रकरणाने शिकवले. लोक त्याबद्दल माझे कौतुक करीत, तेव्हा मला मान वर करवत नसे.

महिनाअखेरीस त्या आयेचा साहेबही विलायतेला गेला आणि तिची खोलीही गेली. मी गस्तीवर असताना ती रस्त्यात भेटली. डोक्यावर पत्र्याची पेटी, काखेत वळकटी.

"कुठे निघालात, बाई?" मी विचारले.

ती थांबली. नगरच्या बाजूला बघितले, मग उलट्या बाजूला बघितले.

"बगते, साहेब," ती म्हणाली.